गळ्यातील गाठ : कॅन्सर खरा, पण कोणता?

(मंडळाच्या वार्षिक व्याख्यानमालेत हिंगोली येथे दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मंडळाच्या कार्यकर्त्यांनी मला आरोग्यावर चार शब्द बोलावे अशी विनंती केली. सुरुवातीलाच सांगतो, मी डॉक्टर नाही. माझे सारे आयुष्य सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत गेले. काचेच्या पट्ट्या रंगवायच्या, त्या डॉक्टरसाहेबांच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या आणि निघालेला रिपोर्ट वहीत उतरवायचा, हे माझे काम. त्यामुळे मी आज बोलणार आहे ते त्या रिपोर्टवरच्या एका ओळीबद्दल. ती ओळ आपले लोक वाचत नाहीत. कोणी वाचून दाखवली तरी "कॅन्सर" एवढा एकच शब्द ऐकतात आणि तेथेच थांबतात. त्यापुढचा शब्द ऐकला असता तर काही घरांचे नशीब वेगळे झाले असते.

माझी थोरली आत्या औंढा नागनाथ तालुक्यातील एका खेड्यात राहत होती. तिच्या गळ्याला लिंबाएवढी गाठ होती. आम्ही लहानपणापासून ती पाहत आलो. दुखत नव्हती, खुपत नव्हती. आत्याचा गळा असाच, असे आम्ही धरून चाललो होतो. १९९४ साली, तिचे वय पासष्टच्या पुढे असताना, ती गाठ दीड महिन्यात पेरूएवढी झाली. आवाज घोगरा झाला. भाकरीचा घास उतरेना. कोणी म्हणाले गालगुंड, कोणी म्हणाले गंडमाळ. लेप झाला, गंडा झाला, घशाच्या गोळ्या झाल्या. श्वास लागू लागला तेव्हा आम्ही तिला मोठ्या दवाखान्यात नेले. सुईने पाणी काढून तपासले आणि रिपोर्ट आला. त्यावरचा पुढचा शब्द होता "अ‍ॅनाप्लास्टिक". आत्या त्यानंतर अडीच महिने जगली.

मित्रहो, मी प्रयोगशाळेतला माणूस. माझ्याच घरातली ती गाठ माझ्या डोळ्यांसमोर वीस वर्षे होती. ही खंत घेऊन मी आज आपल्यासमोर उभा आहे.

प्रथम तीन शब्दांचा घोळ मिटवू. गालगुंड म्हणजे कानाखाली, गालाच्या मागे येणारी सूज. तो मुलांचा विषाणूचा आजार. गंडमाळ म्हणजे मानेच्या बाजूला मण्यांसारख्या उठणाऱ्या गाठी. त्या बहुधा क्षयाच्या असतात. आणि गलगंड म्हणजे गळ्याच्या समोर, कंठमण्याच्या खाली असलेल्या थायरॉईड ग्रंथीची वाढ. ओळखण्याची खूण सोपी आहे. पाण्याचा घोट गिळताना जी गाठ वर-खाली सरकते ती बहुतेक वेळा थायरॉईडची. ही ग्रंथी फुलपाखराच्या आकाराची, जेमतेम वीस ग्रॅम वजनाची. पण शरीराचा जाळ किती पेटता ठेवायचा हे तीच ठरवते.

आता कोणी घाबरून जाऊ नये. थायरॉईडच्या शंभर गाठींपैकी नव्वदाच्या आसपास गाठी साध्या असतात. उरलेल्यांत कर्करोग निघतो, आणि तो पुरुषांपेक्षा स्त्रियांत सुमारे तिप्पट आढळतो. परंतु एकाच ग्रंथीत होणारे हे कर्करोग एका जातीचे नाहीत. शेतात कापूस, तूर, हळद एकाच मातीत येतात म्हणून त्यांना एकच पीक म्हणत नाही, तसेच हे आहे.

अमेरिकेत १९८५ ते १९९५ या काळात उपचार झालेल्या ५३,८५६ रुग्णांची नोंद तपासून १९९८ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दर शंभर रुग्णांत पॅपिलरी जातीचे ८०, फॉलिक्युलर ११, मेड्युलरी ४, हर्थल पेशींचे ३ आणि अ‍ॅनाप्लास्टिक २ होते. दहा वर्षांनंतर जगण्याचे प्रमाण पॅपिलरीत ९३ टक्के, फॉलिक्युलरमध्ये ८५ टक्के, हर्थलमध्ये ७६ टक्के आणि मेड्युलरीत ७५ टक्के भरले. म्हणजे "थायरॉईडचा कॅन्सर" हे शब्द ऐकून ज्या घरात रडारड सुरू होते, त्या घरातील रुग्णाला बहुधा अनेक वर्षांचे आयुष्य शिल्लक असते. अ‍ॅनाप्लास्टिकचा हिशेब मात्र निराळा. तेथे वर्षे मोजत नाहीत, महिने मोजतात.

जी जात सर्वात जास्त आढळते तिच्याबद्दल थोडक्यात सांगतो. पॅपिलरी हा संथ चालणारा आजार. तो मानेतल्या गाठींत पसरतो, तरीही बरा होतो. फॉलिक्युलर रक्तावाटे हाडांत आणि फुप्फुसांत जाऊ शकतो. कंबरदुखी म्हणून आलेल्या बाईच्या मणक्यात थायरॉईडच्या पेशी सापडाव्यात, असेही घडते. फॉलिक्युलरचा निश्चित निवाडा सुईने होत नाही. ग्रंथीचा तो भाग काढून गाठीचे आवरण तपासावे लागते. म्हणून सुईचा रिपोर्ट संदिग्ध आला आणि डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवले, तर ते पैशासाठी सांगतात असे लगेच समजू नये.

या दोन्ही जातींवर एक जालीम औषध आहे. थायरॉईडच्या पेशी रक्तातले आयोडीन ओढून घेतात. त्याच सवयीचा फायदा घेऊन किरणोत्सारी आयोडीन पोटात दिले, तर ते शरीरात जेथे जेथे थायरॉईडची पेशी लपली असेल तेथे जाऊन तिला मारते. आज भाभा अणुसंशोधन केंद्र म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने १९६३ साली मुंबईत परळला विकिरण औषधी केंद्र काढले. हे काम तेथे दशकानुदशके चालत आले आहे. लागणारे आयोडीन ट्रॉम्बेच्या अणुभट्टीत तयार होते. त्याचे तेज दर आठ दिवसांनी निम्मे होत जाते. त्यामुळे ते घेतलेल्या रुग्णाला काही दिवस वेगळ्या खोलीत ठेवतात. त्या वेळी बाईला "वाळीत टाकले" असे वाटून नातेवाईक भांडतात; परंतु ती खबरदारी घरातल्या लेकरांच्या आणि गरोदर सुनेच्या भल्यासाठीच असते.

आता ज्यासाठी मी उभा आहे त्या दुर्मिळ जातींकडे वळतो.

पहिली मेड्युलरी. हिचे स्वतंत्र रूप १९५९ साली अमेरिकेतील हॅझर्ड, हॉक आणि क्राइल या तिघांनी स्पष्ट केले. थायरॉईडमध्ये नेहमीच्या पेशींच्या बाजूला दुसऱ्याच कुळीच्या थोड्या पेशी असतात. त्या कॅल्सिटोनिन नावाचा स्राव करतात आणि आयोडीन ओढत नाहीत. हा कर्करोग त्या पेशींचा. म्हणून येथे किरणोत्सारी आयोडीनचा उपयोग शून्य. मुख्य इलाज शस्त्रक्रिया, आणि तीही पहिल्याच वेळी पूर्ण व्हायला हवी. रक्तातील कॅल्सिटोनिन मोजले की आजार किती आहे आणि ऑपरेशननंतर किती उरला, हे कळते. काही रुग्णांना महिनोन् महिने जुलाब होतात, चेहरा लालबुंद होतो. पोटाची औषधे चालू राहतात आणि गळ्याकडे कोणी पाहत नाही. आजार ग्रंथीतच असताना सापडला, तर पाच वर्षांनी जवळजवळ सर्वच रुग्ण हयात असतात. यकृतात, हाडांत, फुप्फुसांत गेल्यावर सापडला, तर हेच प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास उतरते.

मेड्युलरीची सर्वात महत्त्वाची गोष्ट अजून सांगायची आहे. दर चार मेड्युलरी रुग्णांपैकी एकाचा आजार वंशपरंपरेने आलेला असतो. "रेट" नावाच्या जनुकातील दोषामुळे हे होते, असा शोध १९९३ साली लागला. दोष असलेल्या आईच्या किंवा बापाच्या प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी. मुलगा असो की मुलगी. एका रक्ततपासणीने तो ओळखता येतो. दोष सापडलेल्या मुलाची थायरॉईड ग्रंथी कर्करोग होण्यापूर्वीच काढून टाकतात. दोषाच्या प्रकारानुसार हे ऑपरेशन पाचव्या वर्षापर्यंत, आणि सर्वात घातक प्रकारात तर पहिल्या वर्षातच करावे लागते. ते मूल रोज सकाळी एक गोळी घेते, शाळेत जाते, लग्नसंसार करते.

दुसरी एक सूचना विद्यार्थ्यांनी, विशेषतः नर्सिंग आणि वैद्यकीय शाखेकडे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. या वंशपरंपरागत प्रकारात मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतही गाठ असू शकते. ती आधी न शोधता रुग्णाला भूल दिली, तर रक्तदाब एकदम भडकून टेबलावरच जीव जाऊ शकतो. म्हणून मेड्युलरीच्या रुग्णाची ही तपासणी ऑपरेशनच्या आधी करावी लागते, नंतर नव्हे.

मेड्युलरी हा शब्द रिपोर्टवर असेल, तर तो रिपोर्ट एका माणसाचा नसतो, साऱ्या घराचा असतो. बापाचा गळा कापला, बाप गेला, तेरवी झाली, रिपोर्ट माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत गेला, आणि वीस वर्षांनी मुलाच्या गळ्याला गाठ आली, असे घडू द्यायचे नसेल, तर हा एक शब्द घरातल्या प्रत्येकाला पाठ असला पाहिजे.

दुसरी जात अ‍ॅनाप्लास्टिक. माझ्या आत्याची. हा बहुधा साठी ओलांडलेल्यांचा आजार, आणि त्यातही अनेकदा वर्षानुवर्षे गलगंड असलेल्यांचा. येथे पेशी आपली ओळखच विसरतात. आयोडीन ओढत नाहीत, थायरॉईडचे कोणतेही काम करत नाहीत, नुसत्या वाढतात. गाठ आठवड्या-आठवड्याला मोठी दिसते, दगडासारखी घट्ट होते, श्वासनलिका आणि अन्ननलिका आवळते. हा आजार सापडला की तो शेवटच्या, म्हणजे चौथ्या टप्प्यातच धरतात. याला पहिला, दुसरा टप्पा नाहीच. निम्मे रुग्ण पाच-सहा महिन्यांच्या आत जात. वर्षभर टिकणारे पाचात एक. अनेक वर्षे हा आकडा हलला नाही.

आता तो हलू लागला आहे. काही रुग्णांच्या गाठीत "बीरॅफ" नावाच्या जनुकाचा विशिष्ट बदल असतो. त्यांच्यासाठी डॅब्राफेनिब आणि ट्रॅमेटिनिब या दोन गोळ्यांच्या जोडीला २०१८ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. तेथील ह्यूस्टन शहरातील एका मोठ्या कर्करोग केंद्राने आपल्या ४७९ रुग्णांचा हिशेब २०२० साली मांडला. २००० ते २०१३ या काळात एक वर्ष जगणारे ३५ टक्के होते. २०१७ ते २०१९ मध्ये ते ५९ टक्के झाले. ते केंद्र जगातील निवडक केंद्रांपैकी एक आहे आणि ही औषधे महाग आहेत, हे विसरून चालणार नाही. तरीही "अ‍ॅनाप्लास्टिक म्हणजे आता घरी घेऊन जा" हे वाक्य पूर्वीइतके खरे राहिलेले नाही. मात्र येथे एकेक आठवडा मोलाचा असतो. जेथे पेशंट श्वास घेऊ शकतो आणि गोळी गिळू शकतो, तेथेच उपचाराला वाव आहे.

तिसरी जात थायरॉईडचा लिम्फोमा. आणि येथे मला दुसऱ्या एका म्हाताऱ्या बाईची हकीकत सांगायची आहे. आत्या गेल्यानंतर काही वर्षांनी मी नोकरीत असताना एक बाई आली. वय तेवढेच, गाठ तशीच, आठवड्यांत वाढलेली, आवाज तसाच बसलेला. मी तिच्याकडे पाहिले आणि मनात म्हणालो, गेली. सुईच्या पट्टीवर पेशी विचित्र दिसत होत्या, पण आमच्या डॉक्टरसाहेबांनी सही केली नाही. ते म्हणाले, "सुई पुरत नाही, तुकडा आणा, आणि खास रंग लावायला मोठ्या प्रयोगशाळेत पाठवा." नातेवाईक वैतागले. पण तुकडा गेला, आणि रिपोर्ट आला लिम्फोमाचा. म्हणजे गाठ थायरॉईडच्या पेशींची नव्हतीच. रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या कुळाची होती. त्यावर मोठे ऑपरेशन लागत नाही. औषधाची सलाईन आणि गरजेप्रमाणे किरणोपचार दिले की ही गाठ उन्हात लोणी विरघळावे तशी विरघळते. ती बाई पुढे चालत येऊन आम्हाला पेढे देऊन गेली.

थायरॉईडला जुनाट सूज असलेल्या, ज्याला हाशिमोटोचा आजार म्हणतात, अशा बायकांत हा लिम्फोमा अधिक दिसतो. याच्या सौम्य प्रकारात बहुसंख्य रुग्ण बरे होतात आणि जलद प्रकारातही निम्म्याहून बरेच जास्त. बाहेरून पाहता त्या दोन म्हाताऱ्यांत काहीच फरक नव्हता. एक अडीच महिन्यांत गेली, दुसरी पेढे वाटत आली. फरक होता तो फक्त काचेच्या पट्टीवर. म्हणून भराभर वाढणारी गाठ पाहून "आता काय उरले" असे म्हणणे हा गुन्हा आहे. तो गुन्हा माझ्याही मनाने केला होता.

आणखी दोन नावे केवळ ओळखीपुरती. ज्याला आता ऑन्कोसायटिक म्हणतात तो हर्थल पेशींचा कर्करोग. २०२२ सालच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात तो फॉलिक्युलरपेक्षा वेगळा धरला आहे, आणि तो आयोडीनला नीट दाद देत नाही. दुसरा, सुधारित आणि अ‍ॅनाप्लास्टिक यांच्या मधला, अर्धवट ओळख हरवलेल्या पेशींचा. त्यात पाच वर्षांनी साधारणपणे साठ ते सत्तर टक्के रुग्ण हयात असतात.

टक्केवारीबद्दल दोन शब्द. हे आकडे गर्दीचे असतात, माणसाचे नसतात. ७५ टक्के म्हणजे तुमची आई तीन चतुर्थांश जगेल असे नव्हे. वय किती, गाठ केवढी, कोठवर पसरली, पहिले ऑपरेशन कोणी व कसे केले, यावर प्रत्येकाचा हिशेब बदलतो. आकडा ऐकायचा तो उपचाराची दिशा ठरवण्यासाठी. हातपाय गाळण्यासाठी नव्हे.

मग आपण काय करायचे? उगाच सर्वांनी गळ्याची सोनोग्राफी करत सुटायचे का? नाही. दक्षिण कोरियात तसे झाले. १९९३ ते २०११ या काळात तेथे थायरॉईड कर्करोगाचे निदान पंधरा पट वाढले, हजारोंच्या ग्रंथी निघाल्या, आणि मृत्यूचे प्रमाण मात्र होते तेवढेच राहिले. लक्षण नसलेल्या गळ्यात शोधत बसू नये. दिसणारी, हाताला लागणारी गाठ मात्र एकदा तरी तज्ज्ञाला दाखवावी. जुनी गाठ अचानक वाढू लागली, आवाज तीन आठवड्यांहून अधिक बसला, गिळताना किंवा श्वास घेताना अडथळा आला, मानेच्या बाजूला नवी गाठ आली, किंवा घरात कोणाला मेड्युलरी झालेला असेल, तर त्याच आठवड्यात जावे. सुगी उरकू द्या, लग्न पार पडू द्या, असे म्हणू नये.

आणि रिपोर्ट हातात आला की तीन प्रश्न विचारावेत. साहेब, कोणत्या जातीचा? तो पसरला आहे का? घरातल्या इतरांना तपासायचे का? हे विचारण्यात उद्धटपणा नाही. ज्या समाजाने शिकण्यासाठी एवढे सोसले, त्याने आपल्या आजाराचे नाव विचारायला का लाजावे? पट्टी आणि मेणातला तुकडा प्रयोगशाळेकडे जपलेला असतो. दुसऱ्या ठिकाणी दाखवायचा असेल तर मागून घ्यावा. कागदांची एक फाईल करावी आणि ती कधीही टाकू नये.

जायचे कोठे? २०२४ सालापासून आपल्या हिंगोलीतच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. नांदेडला शासकीय महाविद्यालय आहे. छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. दुर्मिळ जात निघाली तर मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय, जे १९४१ सालापासून उभे आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाच्या अनेक उपचारांचा समावेश आहे, आणि कर्करोगाच्या रुग्णाला व त्याच्या सोबत्याला रेल्वेभाड्यात सवलत मिळते. मुंबईत राहायचे कोठे, या धास्तीने कित्येक जण परततात. दादरला संत गाडगेबाबांच्या नावाने चालणारी धर्मशाळा बाहेरगावच्या अशाच रुग्णांना आसरा देते. मंडळातील तरुणांनी एवढे कागद भरून देण्याचे काम अंगावर घेतले, तरी मोठी सेवा होईल.

शेवटी, अशा भाषणांनी काय होते, असे कोणी विचारील. बार्शीचे उदाहरण देतो. १९८७ साली बार्शी, परंडा आणि भूम या तालुक्यांतील खेड्यांसाठी कर्करोगाची नोंद ठेवणारी यंत्रणा सुरू झाली. ग्रामीण भारतातील ती पहिली. नोंद घेणारी माणसे गावोगाव गेली, तेव्हा त्यांनी नुसती नावे लिहून घेतली नाहीत. गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगाची लक्षणे बायकांना समजावून सांगितली. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की त्या भागातील स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात दवाखान्यात पोहोचू लागल्या होत्या. नवे यंत्र नाही, नवे औषध नाही. कोणीतरी येऊन नीट सांगितले, एवढेच. आपल्यासारखीच ती कोरडवाहू गावे, आपल्यासारखीच माणसे.

घरी गेल्यावर एक करा. आपल्या आजीच्या, आत्याच्या, मावशीच्या गळ्याकडे एकदा नीट पाहा. त्यांना पाण्याचा घोट घ्यायला सांगा. काही सरकताना दिसले, तर भिऊ नका आणि बसूही नका. मी पाहत राहिलो, तुम्ही विचारा.